मेण की माणूस

इल्दे कारोब्बीबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. काही वर्षं आम्ही एकाच मंडळीत होतो, ती वर रंगमंचावर आणि मी खाली पियानोवर. तिला कुणी भाऊबहीण होतं का, ती रविवारी चर्चला जायची का, एकटी असताना काय करायची, यातलं मला काही ठाऊक नाही. मी तिला शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणत राहिलो, ती मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणाली, किंवा थट्टेत 'माएस्त्रो', म्हणजे उस्ताद. तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी खालची पापणी कशी चमकायला लागते, एवढं मात्र माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. पण याला काही ओळख म्हणत नाहीत. लिहिणारं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

त्या काळी आमच्याकडच्या, पो नदीकाठच्या लहान गावांत सिनेमाच्या तिकिटात आधी तासभर आमच्यासारख्यांचा खेळ असायचा. नाचणाऱ्या मुली, एक विनोदी नट, एखादा गाणारा आणि शेवटी मुख्य नंबर. ज्याचा त्याचा हातखंडा खेळ म्हणजे त्याचा नंबर. माणसाला जन्मात एकच नंबर जमतो आणि तो मरेपर्यंत पुरवावा लागतो. एका गावात वर्षातून एकदाच जायचं असल्यामुळे तो पुरतोही.

आमची मंडळी प्रोफेसर साबेल्लींची. ते कसलेही प्रोफेसर नव्हते, लढाईआधी न्हाव्याचं दुकान चालवत. आमचा मुख्य नंबर होता 'मेण की माणूस?' चाकांवरचं एक उंच काचेचं कपाट रंगमंचावर यायचं. आत निळ्या रेशमी झग्यातली एक बाहुली खुर्चीवर बसलेली. प्रोफेसर तिच्या पाठीत किल्ली घालून फिरवायचे, करकर आवाज व्हायचा. मग बाहुली मान वळवायची, पंखा उघडायची, चेहऱ्यापर्यंत न्यायची आणि किल्ली संपल्यासारखी मध्येच थांबायची.

"या, वर या!" प्रोफेसर प्रेक्षकांना म्हणायचे. "हात लावून बघा. मेण की माणूस, तुम्हीच सांगा. मला विचाराल तर मी काल रात्रीपासून विसरलोय."

लोक वर यायचे. डोळ्यांत फुंकर मारायचे, नाकाशी आरसा धरायचे, कोंबडीचं पीस कानात फिरवायचे. रविवारचा कोट घातलेले शेतकरी तिच्या हाताला एकच बोट लावायचे, चर्चमध्ये जपून ठेवलेल्या संताच्या हाडाला लावावं तसं. हात बर्फासारखा गार लागायचा, कारण खेळाआधी इल्दे दोन्ही हात मनगटापर्यंत बर्फाच्या बादलीत घालून बसायची. चेहऱ्यावर मेण आणि तांदळाची पूड. श्वास ती त्या करकरीच्या आडून घ्यायची. आणि पापणी? ती माझ्याकडे होती. तिच्या खालच्या पापणीवर चमक आलेली दिसली, की मी पियानोवर खालपासून वरपर्यंत एक लांब लकेर घ्यायचो. ती ऐकली की प्रोफेसर खुर्ची गर्रकन फिरवून तिची पाठ प्रेक्षकांकडे करायचे आणि तेवढ्यात ती डोळे मिटून उघडायची. आमचा सगळा परिचय एवढाच. ती डोळे मिटत असे तेव्हा तिचा चेहरा मला दिसतही नसे.

उत्तर आम्ही कधीच सांगायचो नाही. लोक दारूच्या गुत्त्यात हमरीतुमरीवर यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढायचे. म्हणूनच इल्दे जिवंत आहे हे बाहेर कुणाला कळता कामा नये, हा मंडळीतला पहिला कायदा होता. ती आमच्या आधीच्या बसने यायची, दुसऱ्याच घरी खोली घ्यायची आणि फिरती शिवणकाम करणारी बाई म्हणून राहायची. बाजारात दिसली तर आम्ही ओळख दाखवायची नाही. फक्त आमची मुख्य नर्तकी फेदोरा, जिच्या तोंडाला कधी विश्रांती नव्हती, मुद्दाम तिच्याजवळून जायची.

"बाई, माझ्या स्कर्टला चार टाके घालाल का?"

"स्कर्टचं बघू नंतर. आधी तोंडाला घालते, फुकट," इल्दे मान वर न करता म्हणायची.

हे काम तिला कसं सुचलं, असं मी एकदा विचारलं होतं. पावसामुळे खेळ रद्द झाला होता आणि आम्ही रंगपटात बसलो होतो.

"मला कुठलं सुचतंय? टोप्यांच्या दुकानात होते. मालकिणीला दर्शनी काचेत ठेवायला पुतळा हवा होता. पुतळ्यापेक्षा मी स्वस्त पडले."

"म्हणजे दिवसभर बसायचं?"

"जेवायला सोडायची. अरे, तुझ्यासारखं तोंड केलं होतं प्रोफेसरांनीही ऐकल्यावर. एवढं काही वाईट नव्हतं. रस्त्यावरून जाणारी माणसं काचेत स्वतःला बघतात आणि काय काय तोंडं करतात! मी सगळ्यांना बघायची, मला कुणी बघायचं नाही."

हे खरं होतं की बनवलेलं, ते मी पुढे कधी विचारलं नाही.

साठ सालच्या शरदात रोमहून सिनेमावाले आले. त्यांचे साहेब दोत्तोर ब्रेंची (शिकलेल्या माणसाला आमच्याकडे दोत्तोर म्हणतात), काळा चष्मा, कोट नुसता खांद्यावर टाकलेला. रात्रीच्या जगावर ते एक माहितीपट करत होते. पॅरिसच्या नाचणाऱ्या, हॅम्बुर्गच्या चिखलात कुस्ती खेळणाऱ्या बायका, कुठले तरी विस्तव गिळणारे, असं सगळं युरोपभर फिरून गोळा केलं होतं. आता त्यांना 'गरिबांची रात्र' हवी होती. ती त्यांनी आमच्याकडे भर सकाळी घेतली. खिडक्यांना काळं कापड लावलं, बाजारातून भाजीवाले-कोंबडीवाले पकडून खुर्च्यांवर बसवले आणि त्यांना जांभया द्यायला सांगितलं.

"दोत्तोर," फेदोराने आल्या आल्या त्यांना अडवलं, "गळ्यातला तो जांभळा रुमाल आधी काढा. नाटकघरात जांभळं आणत नाहीत, अपशकुन असतो. तुमच्या आईने शिकवलं नाही काही?"

"आईनेच विणलाय."

"मग रागावलेली असणार ती तुमच्यावर."

सगळे हसले. त्यांनी रुमाल काढून खिशात कोंबला. त्याचं टोक दिवसभर बाहेर लोंबत होतं आणि फेदोरा दिवसभर दुसरीकडे बघून त्यांच्याशी बोलत होती.

इल्देने प्रोफेसरांना बाजूला घेतलं. "हे लोक समोरूनच घेणार ना? फक्त समोरून?"

"समोरूनच. आणि विंगेत आले तरी काय? आपल्याबरोबर कॉफी प्यायलीय त्यांनी."

हे सांगायला हवं. आमच्या धंद्यात विंगेत कॉफी प्यायलेला माणूस घरचा. दुसऱ्या मंडळ्यांचे जादूगार आमच्या विंगेत उभे राहून गेले होते, पण कपाट उघडायची वेळ आली की न सांगता पाठ फिरवायचे. कुणी कुणाचं गुपित बाहेर नेल्याचं मी ऐकलं नव्हतं. सिनेमावाले तर फेदोराच्या हातची कॉफी दोनदा मागून प्यायले. त्यांच्या छायाचित्रकाराने कपाट ढकलायलाही हात लावला.

नंबर छान झाला. पडदा पडला. आणि आमच्या लेखी पडदा पडला की खेळ संपतो. लहानपणापासून या कामात असलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. छायाचित्रकार यंत्र खांद्यावर घेऊन विंगेत उभा होता, त्याचा दिवा चालू होता, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण पडदा तर पडला होता.

प्रोफेसरांनी कपाट उघडलं. इल्देचे पाय बधिर झाले होते, ती लटपटत उतरली. फेदोराने तिच्या खांद्यावर कोट टाकला. तिने पापण्यांवरचं मेण नखाने खरवडलं, एक शिवी हासडली, कोटाच्या खिशातून उकडलेलं अंडं काढलं, कपाटाच्या कडेवर आपटलं आणि दोन घासांत खाल्लं. फेदोरा काहीतरी वात्रट बोलली आणि इल्दे भरल्या तोंडाने हसली. मी तोवर वर आलो होतो. शिवणयंत्रासारखी बारीक घरघर ऐकू येत होती.

"काय घरघरतंय ते?" इल्देने विचारलं.

"काही नाही, सिन्योरा," ब्रेंची म्हणाले. "दिवा तपासतोय."

तिने दुसरं अंडं त्यांच्यापुढे धरलं. "घेणार?"

"नको, नको. तुम्ही खा." फार हळू आवाजात बोलले ते. अंगणात आलेलं पाखरू उडू नये म्हणून माणूस बोलतो तसं.

हिवाळा नेहमीसारखा गेला. ईस्टरनंतर तो माहितीपट आला. आम्ही ज्या गावी होतो तिथल्या सिनेमाच्या मालकाला वाटलं, काय योग आहे! आधी ही मंडळी प्रत्यक्ष आणि मग पडद्यावर. प्रोफेसरांनी नवा टाय घेतला. दुपारचा खेळ संपल्यावर आम्ही मागच्या रांगांतून बघायला बसलो. इल्दे डोक्याला रुमाल बांधून, शिवणकामाची पिशवी मांडीवर घेऊन वेगळी बसली होती. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून. आमची ओळख नव्हती.

पॅरिस झालं, हॅम्बुर्ग झालं, मग आम्ही आलो. माझी फक्त पाठ दिसली. निळा झगा, पंखा, फुंकर मारणारा कोंबडीवाला. मग एकदम आमच्या रंगमंचाच्या पडद्याची मागची बाजू. कपाट उघडलं, इल्दे लटपटली, पापणी खरवडली. कुणा पुरुषाचा मऊ, सायीसारखा आवाज वरून सांगत होता : "पो नदीकाठची माणसं जिच्यावरून रात्ररात्र भांडतात, ती ही मेणाची बाई. वय चाळिशीच्या पुढे. उकडलेली अंडी आवडतात."

मग जे हसू फुटलं ते आमच्या विनोदी नटाला उभ्या आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. पण मला त्या हसण्याची नाही, वेगळ्याच गोष्टीची भीती वाटली. इल्देच्या पुढच्या खुर्चीतल्या माणसाने मागे वळून पाहिलं. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर होता. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने बायकोला कोपराने ढोसलं, ती वळली. मग त्यांच्या शेजारचे वळले. पडद्यावर भलतंच काही चाललं होतं आणि दोन रांगा पाठमोऱ्या झाल्या होत्या. इल्दे हलली नाही. पापणीसुद्धा नाही. लकेर घ्यायला माझ्यापुढे पियानो नव्हता.

बाहेर पडताना माझ्याजवळून जाता जाता ती एवढंच म्हणाली, "केवढाले घास घेते रे मी."

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ती आमच्यात जेवायला बसली. आता लपवायचं काय होतं?

"मेला तो नंबर," फेदोरा म्हणाली. "त्या दोत्तोरच्या आईने विणलेल्या रुमालाने गळा आवळला त्याचा."

"मेला नाही." प्रोफेसरांनी ताट सरकवलं. "उलटा करायचा. ती जिवंत आहे हे कळलंय ना सगळ्यांना? तर मग तेच छापू. 'ती जिवंत आहे! तिची पापणी हलवून दाखवा!' जो हलवेल त्याला बक्षीस. सिनेमाचा मालक खारवलेली डुकराची आख्खी मांडी द्यायला तयार आहे, विचारलंय मी."

इल्देने पाव रश्शात बुडवला.

"डोळ्यांना हात लावायचा नाही."

"अर्थातच."

"आणि मी हलले तर?"

"तर मांडी जाईल."

"आणि मी?"

प्रोफेसरांनी सिगारेट पेटवली. काडी विझवून ती नीट पेटीत परत ठेवली. उत्तर सगळ्यांना ठाऊकच होतं. जिची पापणी कुणाला हलवता आली, अशी बाई बघायला पुढच्या गावात कोण येणार होतं? ती गात नव्हती, नाचत नव्हती.

"आणि शिवण म्हणशील तर मला सुई ओवतासुद्धा येत नाही," जिना चढताना तिने मला सांगितलं. "पिशवीत नुसत्या चिंध्या असतात."

पहिले काही दिवस मजेत गेले. लोक गुदगुल्या करायचे, घाणेरडी गाणी म्हणायचे, तिच्यासमोर मांडी घालून अंडी खायचे. एकाने मिरपूड फुंकली आणि स्वतःच शिंकत खाली गेला. थिएटर भरभरून जायचं. मांडी आमच्याबरोबर गावोगाव हिंडत होती, कपड्यांच्या पेटाऱ्यात.

"अरे, जिंका रे कुणीतरी ही!" फेदोरा पडद्याआडून कुजबुजायची. "माझ्या सगळ्या झग्यांना डुकराचा वास लागलाय."

पण हळूहळू मला खालून काहीतरी बदललेलं दिसायला लागलं. पूर्वी ती मोडेल म्हणून लोक जपून हात लावायचे. आता ती मोडणार नाही, फक्त दुखेल, हे त्यांना माहीत होतं. एका गावात चिमटे सुरू झाले. पुढच्या गावात एका पाववाल्याच्या बायकोने टोपीची टाचणी काढली आणि इल्देच्या दंडात खुपसली. इल्दे पंखा धरून बसलेली. दुसऱ्या दिवशी तीच बाई गरम पाव घेऊन आली आणि फेदोराला विचारत होती, "फार नाही ना लागलं तिला? मी म्हटलं बघू तरी." चांगली बाई होती. आमच्याकडून पावाचं काही घेतलं नाही.

आणि माझी लकेर निकामी झाली. मी घेतली आणि प्रोफेसरांनी खुर्चीला हात लावला, की लोक ओरडायचे, "फिरवू नका! फिरवायचं नाही!" मग ते हात काढून घ्यायचे. मी खालून बघत असायचो. चमक यायची, वाढायची, पाणी भरायचं आणि कडेवर थांबून राहायचं. ते ती कसं थांबवत होती मला माहीत नाही.

मी प्रोफेसरांना म्हटलं, "थांबवा आता हे."

"तू पियानो वाजव, देलिओ." रागाने नव्हे, दमून म्हणाले. रात्री तिच्या दंडाला मलम तेच लावायचे.

मग मी तिलाच म्हटलं, "तुम्ही नाही म्हणा. तुम्ही म्हटलंत तर ते ऐकतील."

"ऐकतील की. मग?" ती म्हणाली. "माएस्त्रो, हलले की संपलं. हलले नाही, तोवर चालू आहे. इतकं सोपं काम दुसरं कुठे मिळणार मला?"

शेवटचं गाव नदीच्या मुखाकडे होतं. नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं राहतात. रविवारी दुपारचा खेळ. बाहेर लख्ख ऊन, पोरं आइस्क्रीम चाटत आत येत होती. नेहमीचे लोक वर येऊन गेले, कुणी काडी पेटवून कानाशी नेली, कुणी चिमटा काढला. मग मधल्या रांगेतून एक माणूस उठला. पन्नाशीचा, नीट भांग पाडलेला, काळा स्वच्छ कोट. घड्याळं दुरुस्त करणारा असावा, किंवा प्रेतं सजवणारा. वर येताना त्याने टोपी काढून हातात घेतली.

"परवानगी आहे, सिन्योरा?" त्याने इल्देला विचारलं.

सगळं थिएटर खदखदलं. तो हसला नाही. त्याने विंगेतून दुसरी खुर्ची स्वतः आणली, तिच्यासमोर ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला आणि बघत राहिला. मग त्याने तिचा डावा हात उचलून आपल्या दोन्ही तळव्यांत धरला.

"किती गार पडलाय," तो म्हणाला. माझ्या जागेवरून मला स्पष्ट ऐकू आलं. त्याने तो हात चोळून ऊब आणली, एखाद्या आजाऱ्याचा चोळावा तसा. मग करंगळी वेगळी केली आणि मागे वाकवायला सुरुवात केली.

हळू. इतकं हळू की बरेच जण समजले, तो अजून हात चोळतोच आहे. तो बोटाकडे बघतच नव्हता, तिच्या डोळ्यांकडे बघत होता. मी लकेर घेतली. प्रोफेसर पुढे झाले तर दोघेतिघे ओरडले, "हात नको!" मी पुन्हा लकेर घेतली, पुन्हा घेतली. मग हिरवी शेंग मोडावी तसा आवाज झाला आणि माझे हात आपोआप थांबले.

पुढच्या रांगांनी तो ऐकला. मागच्यांनी नसेल ऐकला, पण तेही माना उंचावून बघायला लागले. तो माणूस थांबून राहिला. तिच्या डाव्या डोळ्यातलं पाणी कडेवर होतं. ते खाली आलं नाही. पापणी हलली नाही.

त्याने तिचा हात तिच्या मांडीवर परत ठेवला. जेवून झाल्यावर काटे-चमचे सरळ करून ठेवतात तसं एकेक बोट जागच्या जागी लावलं, ते मोडलेलंसुद्धा. मग उठला, प्रेक्षकांकडे वळला.

"मेणच आहे," तो म्हणाला. टोपी घातली, पायऱ्या उतरला आणि मधल्या वाटेने बाहेर गेला. दार उघडलं तेव्हा उन्हाचा एक पट्टा आत आला आणि गेला.

मागे कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. प्रोफेसरांनी कपाटाची काच लावली, पडदा पडला.

विंगेत कपाट उघडलं तरी ती उतरेना.

"इल्दे," फेदोरा तिच्या गुडघ्यांशी बसून रडत होती, "अगं बये, संपलं. पडदा पडलाय. ऐकतेस ना? पडलाय पडदा."

बऱ्याच वेळाने तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांचा तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. अगदीच वेगळी, थोडी चिडखोर दिसणारी बाई होती.

"टाळ्या पडल्या ना?" तिने विचारलं.

"पडल्या," प्रोफेसर म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते, हे मी सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणाला ते खोटं वाटेल. "इल्दे, बाहेर पुन्हा वाद चाललाय. लोक म्हणतायत, सिनेमातली बाई वेगळी आणि ही बाहुली वेगळी. जिवंत माणूस असं राहूच शकत नाही म्हणतात. ऐकतेस? पूर्वीसारखं. पुन्हा पूर्वीसारखं झालं."

ते खरं होतं. चौकातला गोंगाट आमच्यापर्यंत येत होता.

"म्हणजे पुढच्या गावी पुन्हा तेच," इल्दे म्हणाली.

"आता कुणी इतकं करणार नाही."

"करेल, प्रोफेसर. असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. नाहीतर हाच येईल."

"येऊ दे, पोलिसांना सांगू."

"काय सांगणार? मेणाचं बोट मोडलं म्हणून?"

डॉक्टरांना दारात बोट चेंगरलं असं सांगितलं. त्यांनी लाकडाची पट्टी लावून बांधून दिलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. मागच्या रस्त्याने नाही, चौकातून, डोक्याला रुमाल न बांधता, पांढऱ्या पट्टीतला हात छातीशी धरून. गुत्त्याबाहेर बसलेल्यांनी तो हात पाहिला आणि बोलणं थांबवलं. खुर्च्या मागे घेऊन त्यांनी तिला वाट दिली. ती बसमध्ये चढली.

प्रोफेसरांनी पुढे मिलानहून खरीच मेणाची बाहुली आणली, पण ती बघायला वर कुणी येईना. पुढच्या कार्निवलच्या सणाआधीच मंडळी मोडली. फेदोराने पुष्कळ ठिकाणी विचारलं, इल्दे कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काही लोक म्हणाले, हात सडला. काही म्हणाले, लग्न केलं. मी कशावरच विश्वास ठेवला नाही. मला एवढंच माहीत आहे की तिचं म्हणणं बरोबर होतं. ती गेल्यावर पुढच्या गावी आम्ही नुसते नाच-गाणी करत होतो, तेव्हा पियानोवरून मी मान वळवली तर पहिल्याच रांगेत तो बसला होता. भांग पाडलेला, टोपी गुडघ्यांवर. मुली नाचत होत्या त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. कपाट कधी येतं याची तो वाट बघत होता. कपाट येणार नाही असं लक्षात आल्यावर तो उठला, शेजाऱ्यांची माफी मागत मागत रांगेतून बाहेर पडला, आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी निघून गेला.

इल्दे निघाली त्या सकाळी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. मी दूध-कॉफीत पाव बुडवत होतो. ती येऊन समोर बसली, बांधलेला हात टेबलावर ठेवला. ती जाणार आहे हे मला ठाऊक नव्हतं. वाडग्यात संत्री होती.

"माएस्त्रो, एक सोलून दे रे."

मी सोलायला घेतलं. "धागे काढू?"

"थोडे राहू दे. सगळे काढले की फोडी फुटतात."

"बरं."

तिने दोन फोडी खाल्ल्या आणि एक माझ्याकडे सरकवली. मी ती तोंडात टाकली.

"आंबट आहे," मी म्हटलं.

"मग साखर लाव," ती म्हणाली.